अजिनोमोटोचं राहू दे, पळी बघा

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की बाहेरच्या खाण्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. मला वाटलं मिसळ, वडापाव, भडंग असलं काहीतरी येईल, तर निम्म्याहून जास्त पत्रं चायनीजची. आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं म्हणा, सांगलीत संध्याकाळी सातनंतर कुठल्याही चौकात उभं राहा, कढईचा खणखणाट आणि मिरचीचा ठसका लागून शिंका येणार म्हणजे येणार. सगळ्या पत्रांना जागा नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाही, कारण दोघांनी "घरी कळता कामा नये" असं खास लिहिलंय.

प्रश्न : ताई, माझा मुलगा दहावीला आहे, विश्रामबागला क्लासला जातो. क्लास सुटला की रोज, अक्षरशः रोज, कोपऱ्यावरच्या गाडीवर चायनीज भेळ. मग घरी येऊन भाकरी नको म्हणतो. सासूबाई म्हणतात त्यात अजिनोमोटो असतो, त्यानं कॅन्सर होतो, डोकं बधिर होतं. शेवटी मीच गाडीवाल्याला जाऊन सांगून आले की माझ्या पोराच्या भेळेत ते पांढरं घालायचं नाही. आता चालेल का?
— एक आई, सांगली

उत्तर : तुम्ही जाऊन सांगितलंत याचं कौतुक वाटलं, एवढं कुणी करत नाही. फक्त चुकीच्या डब्याबद्दल सांगून आलात.

अजिनोमोटो हे खरं म्हणजे एका जपानी कंपनीचं नाव, आतल्या पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली टोकियोतले किकुनाए इकेदा नावाचे एक प्राध्यापक समुद्री शेवाळाच्या सारात एवढी चव कशामुळं येते ते शोधत होते, त्यातून हे निघालं आणि पुढच्याच वर्षी ते विकायला आलं. हाच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असतो, चीजमध्ये असतो, आईच्या दुधातसुद्धा असतो. आणि गंमत बघा, आजकाल तो बनवतात बऱ्याचदा उसाच्या मळीपासून, मळी आंबवून. म्हणजे आपल्या जिल्ह्यात ज्याची काही नवलाई नाही त्याच वस्तूपासून, आणि आपण त्याला चिनी विष म्हणतो.

मग भीती आली कुठून? १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं तिथल्या वैद्यकीय साप्ताहिकाला एक पत्र लिहिलं, की चायनीज हॉटेलात जेवलं की माझी मान बधिर होते, धडधडतं, कशामुळं होत असेल? त्यानं सोया सॉस, स्वयंपाकातली दारू, जास्तीचं मीठ आणि हे अजिनोमोटो अशा सगळ्यांवरच संशय घेतला होता, पण लोकांच्या डोक्यात राहिलं एकच नाव. नंतर लोकांना न सांगता, कुणाला खरी पावडर कुणाला तशीच दिसणारी खोटी, अशा चाचण्या झाल्या, त्यात तसा पक्का संबंध काही दिसला नाही. काही लोकांना रिकाम्या पोटी तीन ग्रॅम किंवा जास्त घेतल्यावर थोडा वेळ डोकं दुखणं, बधिर वाटणं असं होऊ शकतं, आणि ज्याला खरंच त्रास होतो त्यानं टाळावं, त्यात वाद नाही. पण कॅन्सर होतो याला आधार नाही. सासूबाईंना हे हळू आवाजात सांगा, नाहीतर माझ्यावर खापर फुटेल.

आता तो दुसरा डबा, मिठाचा. मिठात सोडियम साधारण ३९ टक्के, अजिनोमोटोत १२ टक्के. म्हणजे चिमटीला चिमूट मोजलं तर मीठच तिप्पट भारी. आणि तुम्ही ते पांढरं बंद करून आलात की चव कमी लागू नये म्हणून गाडीवाला काय करतो? मीठ आणि सोया वाढवतो. मी बघितलंय.

भेळेत असतं काय तर तळलेल्या मैद्याच्या नूडल्स, त्यावर शेझवान चटणी, सॉस, कच्ची कोबी, कांदा. तळलेलं, खारट, आणि पोट भरल्यासारखं करणारं, पण दोन तासांत परत रिकामं. त्यात वाढत्या वयाच्या मुलाला लागतं ते प्रोटीन आणि लोह जवळजवळ नाहीच. माझी खरी काळजी भेळेची नाही, त्या भाकरीची आहे जी तो खात नाहीये. महिन्यातनं तीनदा खाल्ली असती तर तुम्हाला मी पत्राचं उत्तरही दिलं नसतं.

बंदी घालू नका. दहावीच्या पोराला बंदी घातली की पोरगा गाडी बदलतो, सवय बदलत नाही. तो क्लासला जातो किती वाजता? चार-साडेचारला जात असेल आणि जेवला असेल बाराला, तर सात वाजता त्याला दगड दिला तरी खाईल. जाताना त्याच्या हातात काहीतरी द्या, दोन उकडलेली अंडी, नाहीतर मूठभर शेंगदाणे आणि गूळ, नाहीतर आपलं भडंग घरी केलेलं, शेंगदाणे दुप्पट घालून. पोटात आधार असला की गाडीपाशी पाय थांबतो पण फुल प्लेट मागत नाही. मग त्याच्याशी ठरवा, आठवड्यातनं एक दिवस, तोही भेळ नाही तर अंडा राईस. आणि हे ठरवताना सासूबाई समोर नकोत.

प्रश्न : ताई नमस्कार. वय ४६, कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर आहे. मागच्या महिन्यात बीपी निघालं, गोळी चालू झाली. आम्हा पाच जणांचा शनिवारचा ठरलेला कार्यक्रम आहे, प्रत्येकाला एक ट्रिपल शेझवान आणि मध्ये लॉलीपॉप. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा आणि बाहेरचं बंद. मित्र म्हणतात एका दिवसानं काय होतंय. कुणाचं ऐकू? खरं सांगतो, सोडायची इच्छा नाही.

उत्तर : डॉक्टरांचं ऐका. झालं उत्तर. पण तुम्ही "इच्छा नाही" असं प्रामाणिकपणे लिहिलंय आणि शनिवार येणारच आहे, त्यामुळं पुढचं लिहिते.

आधी ट्रिपल म्हणजे काय ते नीट बघा. एक राईस, दोन नूडल्स, तीन मंच्युरियनची ग्रेव्ही, आणि त्यावर परत तळलेल्या नूडल्स भुरभुरलेल्या, म्हणजे खरं तर चौपल. भात आणि मैदा एकाच ताटात, वर तळलेले गोळे, आणि मीठ तर प्रत्येक थरात वेगळं पडलेलं. नूडल्स उकडताना मीठ, भात परतताना मीठ, सोया सॉस म्हणजे मीठच, शेझवान चटणीत मीठ, ग्रेव्हीत पुन्हा सोया.

दिवसाला मीठ किती चालतं? मोठ्या माणसाला ५ ग्रॅमच्या आत, एक छोटा चमचा सपाट भरून, सकाळच्या पोह्यापासून रात्रीच्या आमटीपर्यंत सगळं धरून. सोडियममध्ये सांगायचं तर २००० मिलिग्रॅम. आणि सोया सॉसचा एक मोठा चमचा, १५ मिलीचा, त्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जवळजवळ निम्मा दिवस एका चमच्यात गेला, अजून चटणी यायची आहे. शनिवारी रात्री दोनला तहान लागून उठता का? ती तहान त्याचीच.

तेलाचं सांगते. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम एका गाडीपाशी उभी राहिले, पार्सल सांगितलं आणि नुसती त्याच्या हाताकडं बघत होते. एका फुल प्लेटला पळी दोनदा डब्यात गेली. घरी येऊन मी तशाच पळीनं पाणी मोजलं, एका वेळी १५ ते २० मिली बसतं. म्हणजे कमीत कमी ३० मिली तेल. ३० मिली तेल म्हणजे साधारण २७ ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी, २४० च्या वर गेलं की. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी १७०-१७५ कॅलरीची असते. म्हणजे भात-नूडल्सचा अजून पत्ता नाही आणि तुम्ही जवळजवळ दीड भाकरीएवढं नुसतं तेल खाल्लंत. तळणीतलं वेगळंच.

आता शनिवारी काय करायचं. पाच जणांत पाच ट्रिपल मागवायचे नाहीत, दोन मागवा, ती प्लेट तशीही दोघातिघांची असते, आपणच ती एकट्याची करून टाकलीय. तुम्ही स्वतः त्यातलं न खाता वेगळं सांगा, अंडा राईस किंवा चिकन राईस, हाफ. आणि कढई तापायच्या आधी गाडीवाल्याजवळ जाऊन सांगा, टेबलावरून ओरडून नाही, की "दादा, वरचं मीठ घालू नको, सोया निम्मा, कोबी-गाजर दुप्पट, आणि वरून व्हिनेगर जरा जास्त मार." आंबटपणा असला की मीठ कमी असलेलं जिभेला पटकन कळत नाही, ही युक्ती मी सगळ्या बीपीवाल्यांना सांगते, घरच्या आमटीलासुद्धा लागू आहे, लिंबू पिळा. गाडीवर एक सोय असते जी मोठ्या हॉटेलात नसते, पदार्थ डोळ्यासमोर होतो आणि करणारा हाताच्या अंतरावर असतो. हॉटेलात वेटर "हो हो" म्हणतो आणि आत जाऊन विसरतो.

लॉलीपॉप, ते लाल पीठ म्हणजे मैदा-कॉर्नफ्लॉवर-मीठ, आणि ते तेलात दोनदा जातं, एकदा आधी तळून ठेवलेलं आणि एकदा तुम्ही आल्यावर. एक खा. पाच जणांत एक प्लेट. चिकन चिली ड्राय त्यापेक्षा बरं असं लोक समजतात पण गाडीवर त्यातलं चिकनही आधी तळलेलंच असतं, त्यामुळं तिथं फसू नका. राईसमध्ये उकडून पिंजलेलं चिकन घालतात ते त्यातल्या त्यात ठीक. सूप घ्यायचं तर मंचाव नको, लेमन कोरिएंडर किंवा क्लिअर, पण सूपही खारटच असतं, दोघांत एक. चटणीची वाटी टेबलावर आली की ती समोरच्या मित्राकडं सरकवा. प्लेटच्या तळाला राहिलेला रस्सा ब्रेडनं पुसून खाणारे लोक मी बघितलेत, ते तर अजिबात नाही.

त्या दिवशी दुपारच्या डब्यात लोणचं, पापड, खारे शेंगदाणे काही नको, म्हणजे रात्रीला थोडी जागा राहील. आणि बाजारात ते कमी सोडियमचं मीठ मिळतं ते कुणाचं ऐकून आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, बीपीच्या काही गोळ्यांबरोबर आणि किडनीचा त्रास असेल तर ते महागात पडतं. डॉक्टरांना विचारूनच.

शनिवारच्या कार्यक्रमात चायनीजबरोबर अजून काय असतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. फक्त ते जे काही असेल त्यानंही बीपी वाढतं.

प्रश्न : मॅम, मी मिरजला होस्टेलला राहतो. व्हेज मंच्युरियन म्हणजे कोबी गाजरच ना? मग आठवड्यातून चारदा खाल्लं तर भाज्या पोटात जातात असं म्हणता येईल ना? मेसची भाजी खाववत नाही.

उत्तर : नाही म्हणता येणार. कांदाभजीला कांद्याची कोशिंबीर म्हणण्यासारखं आहे ते.

गोळ्यात कोबी असते पण ती बांधायला मैदा आणि कॉर्नफ्लॉवर लागतो, मग ते तळायचं, मग परत तेलात आलं-लसूण परतून सॉसमध्ये बुडवायचं. शेवटी कोबी राहते नावाला. आणि मंचुरिया नावाचा भाग चीनमध्ये आहे खरा, पण तिथं हा पदार्थ कुणी खात नाही. १९७५ च्या सुमारास मुंबईत, क्रिकेट क्लबच्या किचनमध्ये, नेल्सन वाँग नावाच्या कोलकात्यात जन्मलेल्या आचाऱ्यानं चिकन मंच्युरियन केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपली फोडणी, आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस नि कॉर्नफ्लॉवर. म्हणजे चायनीज म्हणून आपण जे खातो ते कोलकाता-मुंबईचं देशी पोर आहे. चीनमध्ये घरोघरी वाफवलेलं, भाज्यांचं पातळ सूप, साधा भात असं बरंच काही असतं, ते आपल्या गाडीवर पोचलंच नाही, कारण आपण त्याला "फिकं" म्हणून परत पाठवलं असतं.

गाडीवरच खायचं असेल तर मंच्युरियनऐवजी व्हेज राईस हाफ, भाजी जास्त, वर एक अंडं फोडून. आणि मेसच्या भाजीवर लिंबू पिळून, खोलीत शेंगदाण्याची चटणी ठेवून बघा, खाववते.

प्रश्न : आईला दहा वर्षं शुगर आहे, वय ६२. पुढच्या महिन्यात नातवाचा वाढदिवस, पोरांनी चायनीज हॉटेल ठरवलंय. आई म्हणते मी घरी पिठलं खाऊन येते आणि नुसती बसते. ते बघवत नाही. तिनं राईस घ्यावा की नूडल्स?

उत्तर : राईस की नूडल्स हा वाद सोडा, साखर दोन्हीनं वाढते, प्रश्न किती घेतलं याचा आहे. आईंच्या ताटात आधी परतलेल्या भाज्या, पनीर किंवा टोफू किंवा चिकन, न तळलेलं, असं येऊ दे, ते अर्धं खाऊन झालं की मग मूठभर भात. आधी भाजी-प्रोटीन आणि मग भात असा क्रम ठेवला की साखर जरा हळू चढते. मेन्यूत ज्याच्या नावात हनी किंवा स्वीट आहे ते त्यांच्यासाठी नाही. घट्ट चकचकीत ग्रेव्ही म्हणजे कॉर्नफ्लॉवर, म्हणजे स्टार्चच, ती चमचाभर. थंड पेय नको, पाणी किंवा पोरांनी हट्ट केला तर साधं लिंबूपाणी साखरेशिवाय.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. वाढदिवसाला लोक उशिरा जमतात, केक कापायला नऊ, ऑर्डर यायला साडेनऊ. आई इन्सुलिन घेत असतील किंवा साखर खाली आणणारी गोळी असेल तर औषध घरी वेळेवर आणि जेवण दीड तासानं असं होता कामा नये, साखर एकदम उतरते, घाम सुटतो, थरथर होते. डॉक्टरांना आधी विचारून औषधाची वेळ ठरवा आणि तुमच्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेवा. पिठलं खाऊन यायची गरज नाही. आल्याबरोबर सूपची अर्धी वाटी समोर द्या.

प्रश्न : मी नवीन सून आहे, सासर तासगाव. नवऱ्याला आणि दिरांना चायनीज फार आवडतं, बाहेरचं कमी व्हावं म्हणून घरी करायला गेले तर भाताचा गिचका, भाज्यांना पाणी सुटतं, रंग येत नाही. दीर म्हणाले "वहिनी, हा फोडणीचा भात आहे." फार वाईट वाटलं. काय चुकतंय?

उत्तर : दिरांना पुढच्या वेळी कोबी चिरायला बसवा, मग बोलणं कमी होईल.

तुमचं चुकतंय ते एकच, सगळ्यांचं एकदम करताय. गाडीवाल्याची शेगडी भट्टीसारखी असते आणि तो एका वेळी एक-दोन प्लेटच करतो. घरच्या गॅसवर सहा माणसांचा ढीग घातला की कढई थंड पडते आणि भाज्या परतायच्या ऐवजी आपल्याच पाण्यात शिजतात. लोखंडी कढई घ्या, धूर यायच्या बेतात तापू दे, आणि दोघादोघांचं करा. तीन वेळा करावं लागेल, पण एक खेप होते चार मिनिटांत.

भात आधी करून ठेवायचा, थोडा कच्चटच, पाणी निथळून परातीत पसरायचा आणि पंख्याखाली गार करायचा. मग लगेच फ्रिजमध्ये. इथं जरा थांबते कारण हे मला फार घरांत चुकताना दिसतं. शिळा भात फ्राइड राईसला चांगला हे खरं, पण रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला नाही. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते नंतर कितीही परतलं तरी जात नाही. जेवून काही तासांत उलट्या. लोक म्हणतात चायनीज बाधलं, सोया सॉसनं झालं, तर बाधलेला असतो भात. म्हणून तासाभरात गार करून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशीच संपवायचा. मेच्या उन्हाळ्यात तर याला अजिबात सूट नाही.

प्रमाण उलटं करा. एक वाटी भाताला दोन वाट्या भाज्या. कोबी, गाजर, ढबू मिरची, बीन्स, कांद्याची पात, आणि मोड आलेले मूग घाला, हसू नका, चिनी स्वयंपाकातले ते पांढरे लांब मोड मुगाचेच असतात, आपण फक्त आखूड ठेवतो. गाजर-बीन्स आधी, कोबी शेवटी, अर्ध्या मिनिटात काढायची, कुरकुरीत राहिली पाहिजे. चौघांना मिळून चार छोटे चमचे तेल पुरतं, कढई खरंच तापली असेल तर. सोया सॉस भातावर ओतू नका, कढईच्या कडेनं सोडा, तिथं तो चरचरतो आणि वास येतो, त्यामुळं थोडाच लागतो. चौघांत दोन-अडीच छोटे चमचे. मग मीठ घालायचंच नाही, चाखून बघा, लागत नाही.

रंगाला ब्याडगी मिरची. आठ-दहा गरम पाण्यात भिजवून लसूण घालून वाटा, व्हिनेगर टाका, पळीभर तेलात परता, झाली शेझवान चटणी. तिखट कमी आणि रंग असा की दिरांना बाटलीतला वाटेल.

आणि मंच्युरियनचे गोळे आप्पेपात्रात करा. कोबी किसून मीठ न लावता घट्ट पिळायची, गाजर, आलं-लसूण, थोडंसं ज्वारीचं पीठ आणि चमचाभर कॉर्नफ्लॉवर, प्रत्येक खळग्यात दोन थेंब तेल, झाकण ठेवून दोन्हीकडनं लाल. पिळून निघालेलं पाणी ग्रेव्हीला वापरा. गोळे तळलेल्याइतके कडक होत नाहीत, खोटं कशाला सांगू, पण ग्रेव्हीत गेल्यावर फरक कळत नाही. माझ्या घरी तरी कुणाला कळला नाही, आणि मी सांगितलंही नाही.

प्रश्न : मॅडम, माझी चायनीजची गाडी आहे, बारा वर्षं झाली, सांगलीतच. तुमचं सदर माझी बायको वाचते. तुम्ही शिकलेली माणसं लिहिता चायनीज वाईट, आणि आमच्या पोटावर पाय येतो. गिऱ्हाईकाला लालभडक पाहिजे, तेल सुटलेलं पाहिजे, नाही दिलं तर पलीकडच्या गाडीवर जातो. आम्ही काय करायचं ते पण सांगा की. असं केलं तर गिऱ्हाईक राहील का?

उत्तर : दादा, पत्र आलं याचा सगळ्यात जास्त आनंद झाला. तुमच्या पोटावर पाय यावा अशी माझी अजिबात इच्छा नाही, वरची उत्तरं वहिनींनी वाचून दाखवली असतील तर तुम्हाला कळलं असेल की मी कुणालाच गाडीवर जाऊ नका म्हटलेलं नाही.

पहिलं, रंग. हे चवीचं नाही, कायद्याचं आहे. मंच्युरियनसारख्या शिजवलेल्या पदार्थात बाहेरचा रंग घालायला परवानगीच नाही. पलीकडं कर्नाटकानं मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियन आणि कॉटन कँडीतल्या कृत्रिम रंगावर बंदी जाहीर केली, नमुने तपासले तर काही ठिकाणी कॉटन कँडीत ऱ्होडामिन बी सापडलं होतं, ते तर कापड रंगवायचं. सीमेपलीकडचं कागवाड इथनं किती लांब आहे सांगा. पुडीतला रंग बंद करा आणि ब्याडगी मिरचीचं वाटण ठेवा. खर्च थोडा वाढेल हे मान्य. पण बोटं गुलाबी झाली की आजकाल पोरं फोटो काढतात, तो खर्च मोठा.

दुसरं, तळणीचं तेल. १ जुलै २०१८ पासून नियम आहे, तेलातले पोलर कंपाउंड नावाचे घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. तुमच्याकडं मोजायचं यंत्र नाही, पण डोळे-नाक आहे. काळं पडलं, फेस बसत नाही, पातळ असलेलं चिकट झालं, लवकर धूर येतो, म्हणजे संपलं. जुन्यात नवीन ओतून चालवायचं ही सवय सगळ्यात वाईट, जुनं नव्यालाही लवकर बिघडवतं. रोज रात्री गाळून जळका गाळ काढून ठेवलंत तर टिकतं जास्त. आणि टाकायचं ते गटारीत नाही, वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणारे लोक असतात, चौकशी करा.

भाताचं वर सुनबाईंना सांगितलंय तेच, फक्त तुमचा भात दुपारी होतो आणि रात्री अकरापर्यंत गाडीवर उघडा असतो, म्हणून दोनदा करा, थोडा थोडा. गरम राईस पातळ प्लास्टिकच्या पिशवीत आणि भजी-गोळे वर्तमानपत्राच्या कागदात देऊ नका, शाई पोटात जाते.

आता धंद्याचं. कोबी स्वस्त की नूडल्सचं पाकीट? तेल स्वस्त की गाजर? मग "भाजी डबल" हे तुमच्या फायद्याचं आहे, पाटीवर लिहा की. हाफ प्लेटचा भाव नीट ठेवा, बऱ्याच गाड्यांवर हाफ इतकी महाग असते की माणूस फुलच घेतो आणि मग टाकवत नाही म्हणून खातो. पळीच्या जागी चमचा ठेवा, सोयाच्या बाटलीला बारीक भोकाचं टोपण लावा, चटणी आणि मीठ टेबलावर, ज्याला पाहिजे तो घेईल. एक महिना करून बघा. तेल किती वाचलं ते डब्यावरनं कळेलच तुम्हाला.

गिऱ्हाईक राहील का विचारलंत. सगळं राहणार नाही, चार जण पलीकडं जातील. एक मात्र नवीन येईल, ते मी. हाफ व्हेज राईस, भाजी डबल, सोया निम्मा, अंडं एक, चटणी बाजूला. पार्सल नको, उभी राहून खाते. चौक कुठला ते तेवढं वहिनींना कळवायला सांगा.